पहिल्यांदा डब्लिनला जाताना : तीन दिवसांची आखणी

आयर्लंडला पहिल्यांदा निघालेल्या बहुतेकांच्या बेतात डब्लिन हे उतरण्याचे ठिकाण असते, राहण्याचे नसते. विमानातून उतरायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे सहलीच्या बसमध्ये बसून पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे गाठायचे, रात्री परतायचे आणि उरलेल्या वेळात शहर उरकायचे, असा हिशेब सर्रास केला जातो. माझ्या पहिल्या फेरीत मीही तेच केले. जाऊन-येऊन सात तास बसमध्ये गेले, कड्यावर पोहोचलो तेव्हा पन्नास पावलांपलीकडचे काही दिसू नये इतके दाट धुके होते, आणि खाली समुद्र आहे हे केवळ त्याच्या आवाजावरून मानून परत फिरावे लागले. हाती तीन दिवस असतील तर ते डब्लिनलाच द्यावेत, हे माझे मत त्या दिवशी बनले आणि पुढच्या दोन फेऱ्यांत पक्के झाले. लिफी नदीच्या दोन्ही काठांवर, उत्तरेचा रॉयल कालवा आणि दक्षिणेचा ग्रँड कालवा यांच्या मधोमध वसलेले मूळ शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभरात पायी ओलांडता येते. त्यामुळे रोज शहराचा एकच भाग धरून चालले, तर तीन दिवस पुरतात आणि धावपळही होत नाही.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी व्हिसाचा प्रश्न, कारण घोटाळे तेथेच होतात. आयर्लंड युरोपीय संघात आहे आणि तेथे युरो चालतो, पण तो देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. फ्रान्स किंवा जर्मनीने दिलेल्या शेंगेन व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही, आणि आयरिश व्हिसावर पॅरिसलाही जाता येत नाही. भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला अल्प मुदतीचा ‘सी’ व्हिसा घ्यावा लागतो. त्याचा अर्ज आधी ऑनलाइन भरून नंतर कागदपत्रे अर्ज केंद्रात द्यायची असतात. एका प्रवेशासाठी ६० युरो आणि अनेक प्रवेशांसाठी १०० युरो असे शुल्क असते.

ब्रिटन आणि आयर्लंड एकाच दौऱ्यात करणाऱ्यांना एक सवलत आहे. २०१५ पासून भारतीयांना लागू असलेल्या ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेत, व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल, तर त्या एकाच व्हिसावर दोन्ही देश पाहता येतात. अट अशी की, ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरले पाहिजे. म्हणजे ब्रिटनचा व्हिसा घेऊन मुंबईहून दुबईमार्गे थेट डब्लिनला उतरणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. लंडन, मँचेस्टर किंवा लेस्टरमध्ये नोकरी वा शिक्षणासाठी राहणाऱ्या आपल्या मंडळींचा गोंधळ मात्र निराळाच असतो. ही सवलत पर्यटक व्हिसाची आहे, वास्तव्याच्या परवान्याची नाही. त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून डब्लिन करायचे असले, तरी त्यांना आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आयरिश इमिग्रेशनचे अधिकृत संकेतस्थळ एकदा वाचून घ्यावे.

याच विषयातली आणखी एक गोष्ट. डब्लिनहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलींपैकी काही बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवेला जातात. वाटेत चौकी लागत नाही, बस थांबत नाही, फक्त रस्त्यावरच्या पाट्यांवर किलोमीटरच्या जागी मैल दिसू लागतात; पण तो भाग उत्तर आयर्लंडचा, म्हणजे ब्रिटनचा आहे आणि साध्या आयरिश व्हिसावर तेथे जाणे बेकायदा आहे. सहल विकणारा हे विचारेलच असे नाही.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचे फिरणे होते. डिसेंबरमध्ये दुपारी चारनंतर लगेच अंधारून येते. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाच्या आसपास हॉटेलांचे दर भलतेच चढतात, तेव्हा मिरवणूक पाहायची नसेल तर तो आठवडा टाळावा. एरवीही तारखा पक्क्या करण्यापूर्वी त्या दिवसांत क्रोक पार्क मैदानावर अंतिम सामना किंवा मोठा संगीताचा कार्यक्रम नाही ना, हे पाहावे. ते मैदान ८२ हजारांचे आहे आणि ते भरते तेव्हा शहरात खोली मिळणे कठीण होते.

पाऊस वर्षभर असतो, पण आपल्या आषाढासारखा कोसळत नाही. वाऱ्यासोबत आडवी येणारी ती भुरभुर असते आणि तिच्यापुढे छत्री उलटी होते. टोपी असलेले जलरोधक जाकीट आणि आत एकावर एक घालण्याजोगे दोन पातळ थर पुरेसे होतात. विजेचे सॉकेट ब्रिटनसारखे, तीन चपट्या पिनांचे असते. आपले गोल पिनांचे प्लग त्यात बसत नाहीत, म्हणून अडॅप्टर घरूनच न्यावा. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते.

तिकिटे आधी काढायची ती दोनच ठिकाणची. किलमेनम तुरुंगाचे तिकीट पहिले, कारण तेथे फक्त मार्गदर्शकासोबत आत जाता येते, गट मर्यादित असतात आणि सुमारे चार आठवडे आधी विक्री सुरू होताच जागा भराभर जातात. दुसरे ट्रिनिटी कॉलेजमधल्या ‘बुक ऑफ केल्स’चे. बाकी सारे ऐन वेळी ठरवता येते.

विमानतळ, गाड्या आणि मुक्काम

विमानतळ शहराच्या उत्तरेस सुमारे दहा किलोमीटरवर आहे आणि तेथून रेल्वे नाही. खासगी कोच लवकर पोहोचवतात आणि त्यांपैकी काही रात्रभर चालतात, पण त्यांना आठ-दहा युरो पडतात. १६ आणि ४१ क्रमांकाच्या साध्या दुमजली शहर बस त्याच अंतराला दोन युरो घेतात, फक्त थांबत थांबत जातात. टॅक्सीला ३० ते ४० युरो लागतात. चौघे असाल तर तीही महाग नाही.

शहरात बस, ‘लुआस’ ही ट्राम आणि ‘डार्ट’ ही किनाऱ्याची लोकल, या तिन्हींना ‘लीप’ कार्ड चालते. पर्यटकांसाठी तीन दिवसांचे लीप कार्ड साधारण १६ युरोंना विमानतळावरच्या दुकानात मिळते आणि त्याचे ७२ तास खरेदीपासून नव्हे, पहिल्या वापरापासून मोजले जातात. दीड तासाचा प्रवास दोन युरोंचा धरला, तर आठ प्रवासांनंतर हे कार्ड परवडते. विमानतळाची साधी बस आणि तिसऱ्या दिवसाची लोकल धरून तेवढे प्रवास सहज होतात. खासगी कोचना मात्र ते चालत नाही. कार्ड नसेल तर बसमध्ये रोख रकमेची नेमकी नाणी टाकावी लागतात. नोट घेतली जात नाही आणि सुटे परत मिळत नाहीत. ट्राममध्ये चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा फलाटावरच्या यंत्राला कार्ड टेकवायचे असते.

थांब्यावर नुसते उभे राहिल्यास बस निघून जाते. आपल्या क्रमांकाची बस दिसताच हात बाहेर काढावा लागतो. बसच्या कपाळावर ‘अन लार’ असे लिहिलेले असेल तर ती शहराच्या मध्यभागी चालली आहे. उतरताना प्रत्येक जण चालकाला ‘थँक यू’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तेही आपल्या तोंडी बसते.

पाट्या इंग्रजी आणि आयरिश अशा दोन भाषांत असतात, पण काही जुन्या पबमध्ये स्वच्छतागृहाच्या दारावर फक्त आयरिश शब्द असतो. तेथे ‘एमएनए’ अशी अक्षरे दिसली की घाईत ‘मॅन’ वाचले जाते. ‘म्नॉ’ म्हणजे स्त्रिया आणि ‘फिर’ म्हणजे पुरुष, एवढे पाठ करून ठेवावे.

मुक्कामासाठी टेंपल बार हा भाग टाळावा. नाव प्रसिद्ध आहे, पण रात्री दोनपर्यंत खिडकीखाली गाणी चालतात आणि खोलीचे पैसे मात्र झोपेसाठी मोजलेले असतात. नदीच्या उत्तरेला स्मिथफील्ड आणि दक्षिणेला पोर्टोबेलो हे दोन भाग मध्यभागापासून वीस मिनिटांच्या चालीवर आहेत आणि तुलनेने शांत आहेत. पत्ता वाचताना एक खूण उपयोगी पडते : ‘डब्लिन १’, ‘डब्लिन ७’ असे विषम क्रमांक नदीच्या उत्तरेचे आणि सम क्रमांक दक्षिणेचे असतात.

पहिला दिवस : नदीच्या दक्षिणेला

सुरुवात ट्रिनिटी कॉलेजपासून करावी. १५९२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या आवारात फिरायला पैसे पडत नाहीत. ‘बुक ऑफ केल्स’ हे इसवी सन ८०० च्या सुमारास चामड्यावर लिहिलेले, बायबलमधल्या चार शुभवर्तमानांचे लॅटिन हस्तलिखित आहे आणि ते पाहायला वीस युरोंहून अधिक मोजावे लागतात. एका वेळी त्याची दोनच पाने उघडी असतात, हे ठाऊक असले की अपेक्षाभंग होत नाही. त्याच तिकिटात ‘लाँग रूम’ हे ६५ मीटर लांबीचे जुने ग्रंथालय दिसते. छायाचित्रांत त्याच्या फळ्या छतापर्यंत भरलेल्या असतात, परंतु संवर्धनाच्या कामासाठी त्या रिकाम्या करण्यात आल्या आहेत. दालन तरीही भव्य वाटते. पण पैसे जपायचे असतील तर पहिली काट येथे मारावी, असे मी मनापासून सुचवीन.

तेथून किल्डेअर स्ट्रीटवरचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय पाच मिनिटांवर आहे आणि ते विनामूल्य आहे. आठव्या शतकातला ‘टारा ब्रूच’ आणि ‘आर्डा चॅलिस’ हा चषक पाहावाच, पण अधिक वेळ द्यावा तो दलदलीत सापडलेल्या देहांना. प्राणवायू नसलेल्या आम्लधर्मी पाणथळ मातीत दोन हजार वर्षांहून अधिक काळ पडून राहिल्याने त्यांची कातडी कमावलेल्या चामड्यासारखी टिकली आहे. ‘ओल्ड क्रोहन मॅन’ या देहाचा केवळ धड आणि हात एवढाच भाग उरला आहे, तरी त्याची नखे आणि बोटांवरच्या रेषा काचेबाहेरून स्पष्ट दिसतात. रविवारी आणि सोमवारी हे संग्रहालय दुपारी उघडते, त्यानुसार क्रम बदलावा.

मागच्या मेरियन स्ट्रीटवर सरकारी कचेऱ्यांची इमारत लागते. आयर्लंडच्या पंतप्रधानाला ‘टीशॉख’ म्हणतात आणि २०१७ मध्ये त्या पदावर बसलेले लिओ वराडकर यांचे वडील मालवणजवळच्या वराड गावचे. डब्लिनच्या टॅक्सीत आपण महाराष्ट्रातून आल्याचे सांगितले की हे नाव अनेकदा चालकच काढतो. त्याच रस्त्याने पुढे नॅशनल गॅलरी आहे, तीही विनामूल्य. तेथे काराव्हाज्जोचे ‘टेकिंग ऑफ ख्राइस्ट’ हे चित्र आहे. डब्लिनमधल्या जेझुइट धर्मगुरूंच्या भोजनगृहात ते कित्येक वर्षे दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर टांगलेले होते आणि १९९० मध्ये साफसफाईसाठी तज्ज्ञ आला तेव्हा त्याची खरी ओळख पटली.

दुपारी सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेत बसून डबा खावा. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावात बंडखोर आणि ब्रिटिश सैन्य या बागेत समोरासमोर होते, तेव्हा बदकांना दाणे टाकायला माळी यायचा आणि तेवढा वेळ दोन्हीकडचा गोळीबार थांबायचा. बदके आजही आहेत आणि पाव पाहिला की फार जवळ येतात.

दिवसाचा शेवट चेस्टर बीटी संग्रहालयात करावा. माझ्या मते अख्ख्या डब्लिनमध्ये मराठी वाचकाने चुकवू नये असे ठिकाण हेच आहे. खाणींच्या धंद्यात संपत्ती मिळवलेल्या आल्फ्रेड चेस्टर बीटी या अमेरिकी गृहस्थाने जगभरातून हस्तलिखिते जमवली, १९५० मध्ये तो डब्लिनला स्थायिक झाला आणि सारा संग्रह त्याने लोकांसाठी ठेवला. डब्लिन कॅसलच्या आवारातल्या या इमारतीत प्रवेश विनामूल्य आहे. ‘अकबरनामा’च्या चित्रित प्रतीची पाने, कुराणाच्या सोनेरी प्रती, बायबलचे अतिप्राचीन पपायरस हे सारे मंद उजेडात, गर्दीविना पाहता येते. चित्रे नाजूक असल्याने ती आलटून-पालटून मांडली जातात, म्हणून नेमके पान दिसेलच असे नाही. पण एखादे मुघल चित्र समोर आले तर काचेशी वाकून पाहावे. हत्तीच्या झुलीवरचे नक्षीकाम एकाच केसाच्या कुंचल्याने काढले असावे, असे वाटते. हिवाळ्यात सोमवारी संग्रहालय बंद असते. इमारतीसमोर हिरवळीची गोल बाग आहे. तेथेच पूर्वी काळ्या पाण्याचा डोह होता. त्या ‘दुव लिन’वरून, म्हणजे काळ्या डोहावरून, शहराचे नाव पडले.

खाणेपिणे

हॉटेलच्या न्याहारीत अंडी, बेकन, सॉसेज आणि काळसर चकत्या येतात. त्या चकत्या म्हणजे ‘ब्लॅक पुडिंग’, आणि त्यात डुकराचे रक्त असते. गिनेस ही येथली काळी बिअर; ती घालून केलेला ‘गिनेस पाय’ किंवा ‘गिनेस स्ट्यू’ बहुधा गोमांसाचा असतो, आयरिश स्ट्यू मेंढीचा. काही जुन्या दुकानांत चिप्सही गोवंशाच्या चरबीत तळतात, म्हणून शाकाहारी माणसाने तेही विचारून घ्यावे. विक्लो स्ट्रीटवरचे कॉर्नुकोपिया हे जुने शाकाहारी उपाहारगृह पोटभर जेवण देते. मासे खाणाऱ्यांची चैन आहे : घट्ट दुधाळ ‘चाउडर’, सोबत गव्हाच्या जाडसर पिठाचा तपकिरी सोडा ब्रेड आणि त्यावर खारे लोणी, हे जेवण पावसाळी दुपारी कोठेही मिळते. चहाची चिंता करू नये. आयरिश माणूस कडक चहा दूध घालून पितो.

पबमध्ये टेबलावर येऊन कोणी विचारत नाही. काउंटरवर जाऊन मागायचे आणि तेथेच पैसे द्यायचे. दारू न पिणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मुलांना मोठ्यांसोबत आत नेता येते, पण रात्री नऊनंतर, आणि मे ते सप्टेंबरमध्ये दहानंतर, त्यांना बाहेर पडावे लागते. उपाहारगृहात सेवाशुल्क लावलेले नसेल तर दहा टक्के बक्षिसी ठेवण्याची पद्धत आहे.

दुसरा दिवस : तुरुंग, उद्यान आणि संध्याकाळचे संगीत

सकाळी लुआसच्या लाल मार्गाने सुर रोड थांब्यावर उतरून दहा-पंधरा मिनिटांत किलमेनम तुरुंग गाठता येतो. तिकीट मिळाले नसेल तर भल्या सकाळी संकेतस्थळ पाहावे, कारण रद्द झालेल्या जागा त्याच दिवशी पुन्हा विकल्या जातात. १७९६ मध्ये उघडलेल्या आणि १९२४ मध्ये बंद झालेल्या या तुरुंगाच्या दगडफोडीच्या अंगणात, मे १९१६ च्या ३ ते १२ तारखांदरम्यान, उठावातल्या चौदा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. अंगणात दोन साधे काळे क्रूस आहेत. एक जेथे तेरा जण उभे केले गेले तेथे, आणि दुसरा समोरच्या टोकाला, फाटकाजवळ. उठावाचा एक नेता जेम्स कॉनोली जखमी होता, त्याला रुग्णवाहिकेतून त्या फाटकाने आणले आणि उभे राहता येईना म्हणून खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. डब्लिनची तीन मोठी स्थानके, कॉनोली, ह्यूस्टन आणि पिअर्स, याच अंगणात मारल्या गेलेल्यांच्या नावांची आहेत; हे कळल्यावर ट्राममधली घोषणा निराळी ऐकू येते.

तुरुंगातून बाहेर पडून समोरच्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारातून चालत ह्यूस्टन स्थानकाकडे उतरावे आणि नदी ओलांडून फिनिक्स पार्कमध्ये शिरावे. ७०७ हेक्टरांच्या या उद्यानात हरणांचे कळप मोकळे फिरतात. त्यांना काही खाऊ घालू नये आणि ५० मीटरपेक्षा जवळ जाऊ नये, असा तेथील नियम आहे. फाटकापासून जवळच ६२ मीटर उंचीचा वेलिंग्टनचा स्तंभ उभा आहे. वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून नेपोलियनला हरवणारा आर्थर वेलस्ली मूळचा डब्लिनचा, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोही हाच. स्तंभाच्या पायथ्याशी वॉटर्लूला हस्तगत केलेल्या तोफा वितळवून ओतलेली शिल्पपटले आहेत आणि त्यांतले एक भारतातल्या लढायांचे आहे. बहुतेक प्रवासी वॉटर्लूची बाजू पाहून पुढे जातात. आपण फेरी पूर्ण करावी.

दुपारी गिनेस स्टोअरहाऊस करायचे की नाही, हे ज्याने-त्याने ठरवावे. आर्थर गिनेसने १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंडांनी ९,००० वर्षांच्या भाडेकराराने घेतलेल्या जागेत हे प्रदर्शन आहे, माथ्यावरच्या काचेच्या बारमधून शहर चहूकडे दिसते. पण तिकीट महाग आणि गर्दी दांडगी. मी एकदा गेलो, दुसऱ्यांदा जाणार नाही.

संध्याकाळी लाल लुआसने स्मिथफील्डला उतरून कॉबलस्टोन या पबमध्ये जावे. दाराशेजारच्या कोपऱ्यात वादक बाकांवर गोल बसतात. फिडल, बासरी आणि आयरिश पाइप वाजत राहतात. मंच नसतो, ध्वनिक्षेपक नसतो, आणि एक धून संपण्याआधी कोणीतरी तिच्यातून दुसरी काढतो. जवळ बसलात तर मोठ्याने बोलू नये आणि वादकांच्या रिकाम्या स्टुलावर बसू नये. टेंपल बारमध्ये असे संगीत दुप्पट दामात आणि निम्म्या जिवाने मिळते.

तिसरा दिवस : समुद्राकाठी

तिसऱ्या दिवशी कॉनोली स्थानकावरून डार्टने हाउथ गाठावे; अर्धा तास लागतो. उत्तरेकडे जाणारी प्रत्येक डार्ट हाउथला जात नाही. काही मॅलाहाइडकडे वळतात, म्हणून फलाटावरची पाटी वाचूनच चढावे. बंदरातून बाल्स्कॅडन रस्त्याने वर चढत कड्यावरची पायवाट धरली की सुमारे सहा किलोमीटरची फेरी दोन-अडीच तासांत होते. वाट अरुंद असते आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नये आणि ओल्या दिवशी तळ घसरणाऱ्या चपला घालू नयेत. एप्रिल-मेमध्ये दोन्ही बाजूंना पिवळ्या काटेरी गॉर्सची झुडपे फुललेली असतात. फुलाजवळ नाक नेले तर ओल्या खोबऱ्याचा वास येतो आणि कोकणातल्या माणसाची चाल तेथे मंदावते. पुढे खाली बेली दीपगृह दिसते. मोहरच्या कड्यांची उंची येथे नाही, पण धुके आले तर आपण शहरापासून अर्ध्या तासावर असतो, एवढा फरक पुरेसा आहे.

परतल्यावर बंदरात ताजा मासा खावा. धक्क्याशी सील डोकी वर काढून वाट पाहत असतात. तिसऱ्या दिवशी जोराच्या वाऱ्याचा अंदाज आधीच दिसला तर हा दिवस पहिल्या दिवसाशी बदलावा. म्हणूनच हाउथसाठी आगाऊ काही नोंदवायचे नसते.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर ओकॉनेल स्ट्रीटवरचे टपाल मुख्यालय पाहावे. २४ एप्रिल १९१६ रोजी येथेच प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला गेला. दर्शनी खांबांवर गोळ्यांच्या खुणा आहेत आणि बोट लावून पाहिल्यास त्यात पेर सहज बसते. समोर १२० मीटर उंचीची पोलादी सुई आहे. तेथे पूर्वी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा स्तंभ होता, तो १९६६ मध्ये स्फोटाने उडवण्यात आला. त्याच भागातल्या कोणत्याही सुपरमार्केटमधून बॅरीज किंवा लायन्स चहाची पेटी घ्यावी. विमानतळावर तीच पेटी महाग पडते.